घरात फाइल एकच होती

६ ऑगस्ट, बुधवार. काम : जन्माच्या जुन्या रजिस्टरांना पानांचे नंबर घालणे.

शुक्रवारी अकरा वाजता स्कॅनिंगवाल्यांची गाडी येणार होती. जुनी रजिस्टरं महिनाभरासाठी घेऊन जाणार, फोटो काढणार, परत आणून देणार. त्याआधी प्रत्येक रजिस्टरच्या पहिल्या पानावर मी सही करून लिहून द्यायचं : ‘पाने इतकी. एकही गहाळ नाही.’ असं वाक्य न मोजता लिहून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. ते बढती घेऊन गेले. मी मोजत बसले.

सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत मी सव्वीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीचं काम करते. आधी कारकून होते, आता निबंधक आहे. टेबल तेच आहे, पंखा बदलला. गावाचं नाव सांगत नाही आणि इथं येणाऱ्या माणसांची नावंही बदलली आहेत. लेखात नाव बदलायला ही एक ओळ पुरली. रजिस्टरात बदलायला काय लागतं, ते पुढे येईल.

ज्यांचा या खिडकीशी संबंध दाखला घेण्यापुरताच आला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जन्म जिथं झाला तिथं त्याची नोंद होते. माणूस कुठला आहे याला महत्त्व नाही. दवाखान्यात झाला तर दवाखाना फॉर्म भरून पाठवतो, घरी झाला तर घरच्यांनी यायचं. एकवीस दिवसांची मुदत असते. फॉर्मवर जी आई असेल ती आम्ही रजिस्टरात उतरवतो. ती खरंच आई आहे का, हे बघायला आम्ही पाळण्यापाशी जात नाही. आम्ही कागद बघतो. माणूस समोर येऊन उभा राहिला तरी कागदच बघतो, आणि याचा माणसांना फार राग येतो.

लोकांना वाटतं, या खात्यात बसून जन्म, मरण, नश्वरता असलं काहीबाही सुचत असेल. मला कंबरेचा पट्टा बदलायला झालाय एवढंच सुचतं. करमणूक मात्र होते. एक गृहस्थ आले होते. नात मूळ नक्षत्रावर जन्मली होती, आणि मूळ नक्षत्राची पोरगी पुढे सासऱ्याला भोवते असं त्यांना कुणी तरी सांगितलेलं.

“बाई, जन्म चाळीस मिनटं मागं घ्या. लय न्हाई म्हनत मी.”

“आमच्या रजिस्टरात वेळेचा रकानाच नाही, आजोबा.”

“मग एक पाडा की. पट्टी हाय न्हवं तुमच्याकडं?”

नोंदणीच्या कायद्यात सुधारणा सुचवणारा इतका सरळ माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आणखी एकदा तिघं भाऊ आईच्या मृत्यूची नोंद करायला आले. आईचं नाव काय, असं विचारलं. थोरला म्हणाला, “आक्का.” म्हटलं, कागदावरचं. मग त्यानं माहेरचं नाव सांगितलं. मधला म्हणाला, ते लग्नात बदललंय, हे घ्या सासरचं. धाकट्यानं मतदार यादी काढली. तिच्यात तिसरंच होतं, यादी करणाऱ्याला सुचलेलं. बाई ऐंशी वर्षं जगली, पण तिला नावानं हाक मारायची वेळ त्या घरात कुणावर आली नव्हती. तिघं माझ्या खिडकीत भांडले. शेवटी धाकटा म्हणाला, “तिन्ही घाला की बाई. आई तिघांचीच हुती.”

अशा माणसांशी बोलताना जीभ जरा धारदार असावी लागते. माझी आहे. आमच्या ऑफिसात तिची ख्याती आहे, आणि मी तिला कामाचं साधन मानत आले. रांग मोठी असली की एक नेमका टोमणा चार अर्जदार कमी करतो. खिडकीबाहेर मी खुर्ची ठेवू दिली नव्हती. खुर्ची ठेवली की लोक बसतात.

तर त्या बुधवारी, नंबर घालता घालता, साडेबाराच्या सुमाराला खिडकीत एक मुलगी आली. अठरा वर्षांची असेल. हातात प्लास्टिकचं फोल्डर. आदल्या दिवशीच माझ्या कारकुनानं तिला जन्माचा दाखला काढून दिला होता.

“मॅडम, दाखल्यात आईचं नाव चुकलंय.”

“काना की मात्रा?”

“नाही. आईच चुकलीय.”

मी पेन खाली ठेवलं.

“यात सुरेखा लिहिलंय. ती माझी काकी. माझी आई वैशाली. आणि वडिलांच्या जागी थोरले चुलते आहेत.”

“मग बरोबर काय आहे?”

“माझं नाव. प्रतीक्षा. आणि आडनाव.”

एरवी मी यावर एखादं वाक्य टाकलं असतं. पण पोरगी रडत नव्हती, आवाज चढवत नव्हती, फोल्डरमधून एकेक कागद काढून माझ्यासमोर क्रमानं लावत होती. असं वागणाऱ्या माणसापुढं माझी पंचाईत होते. मिरजेच्या एका कॉलेजात नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. सोमवारी मूळ कागद तपासणार होते. शाळेच्या दाखल्यावर आई वैशाली, जन्माच्या दाखल्यावर सुरेखा. कॉलेजनं सांगितलं होतं, दोन्हीकडे आईवडील एकच दिसले पाहिजेत, नाही तर जागा पुढच्या यादीतल्या मुलीला.

“मग पुढच्या वर्षी घे प्रवेश,” मी म्हटलं. म्हणायची पद्धत आहे.

“पुढच्या वर्षी नाही, मॅडम. काका म्हणालेत, यंदा जागा गेली तर स्थळं बघायला घेऊ.”

आमच्या भागात ‘पुढच्या वर्षी’चा अर्थ मला वेगळा सांगावा लागत नाही.

तिच्या वर्षाचं रजिस्टर माझ्या समोरच्याच गठ्ठ्यात होतं. पान काढलं. तारीख बरोबर. दवाखाना इथलाच. मुलगी. आई सुरेखा, वडील सुरेखाचे यजमान, नाव प्रतीक्षा. अक्षर माझं होतं. गोल, सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. तेव्हा मी कारकून होते आणि माझ्या अक्षराचं साहेब कौतुक करायचे.

“आई कुठाय तुझी?”

“बाहेर उभी आहे. आत यायला नको म्हणते.”

“बोलाव.”

वैशाली आली. चाळिशीची, शेतात राबणारी बाई, पदर घट्ट खोचलेला. माझ्याकडं बघून म्हणाली, “तुमी तवा चष्मा लावत नव्हता.”

मी म्हटलं, बसा. मग लक्षात आलं, बसायला काही नाही. तिनं उभ्यानंच सांगितलं.

त्या वर्षी घरात दोन सुना एकदम गरोदर होत्या. दोघींची पहिलीच खेप. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा कायदा. आमच्या कायद्यापेक्षा जुना आणि जास्त पाळला जाणारा. वैशाली सातव्यातच माहेरी गेली होती, जाताना दवाखान्याची फाइल घेऊन. मग थोरल्या जावेचं, सुरेखाचं डोहाळजेवण निघालं म्हणून चार दिवसांसाठी सासरी आली. फाइल माहेरी राहिली. चार दिवसांसाठी फाइल कोण आणतं? डोहाळजेवण झालं, सुरेखा तिच्या माहेरी वडूजला गेली. तिकडं तिच्या आईनं नवी फाइल काढली. इथली घरी राहिली. आणि दुसऱ्या दिवशी वैशालीला कळा सुरू झाल्या. आठवा महिना. नवरा सोनं गाळायच्या धंद्यात, तमिळनाडूत. आमच्या भागातली निम्मी तरुण मंडळी तिकडं भट्टीपुढं असतात. घरात सासू, हौसाबाई, आणि फाइल एकच. सुरेखाची.

“आत्तींनी तीच घेतली,” वैशाली म्हणाली. “जीपमदी मला म्हनाल्या, आता तू सुरेखा. कुनी हाक मारली तर ओ द्यायची.”

“आणि तुम्ही दिली.”

“तीन दिवस दिली. नर्स सुई टोचताना इचारायची, सुरेखा, दुखतंय का? मी म्हनायची, न्हाई. सुरेखाला कुठलं दुखतंय?”

फाइलीत सातवा महिना लिहिलेला, बाळ आठव्याचं. डॉक्टरांनी म्हणे हौसाबाईंचं अभिनंदन केलं : सातव्याच्या मानानं वजन फार चांगलं आहे, आजी, सुनेला जपलंय तुम्ही. दवाखान्यानं फाइलीवरून फॉर्म भरला, फॉर्मवरून मी रजिस्टर भरलं. बारसं झाल्यावर हौसाबाई स्वतः येऊन नातीचं नावही सांगून गेल्या. इतका नीट नोंदवलेला जन्म माझ्या रजिस्टरात दुसरा नसेल.

“मग अठरा वर्षं गप्प का बसलात?” मी विचारलं. जरा तोऱ्यातच विचारलं.

वैशालीनं पोरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“मी आले हुते की. ही दोन-अडीच म्हयन्यांची असंल. हिला काखंत घेऊन आले. हितंच, ह्याच खिडकीत. सगळं सांगितलं. तुमी म्हनाला, दवाखान्याचं पत्र आणा, नवऱ्याची सही आणा, सासूचा जबाब आणा.”

“बरोबर आहे. तेच लागतं.”

“आनि म्हनाला, ‘आधी घरात ठरवा आई कोण आहे ते, मग या.’ मागं रांग हुती. समदी हसली. मग मी गेले.”

ही बाई मला आठवत नाही. आठवते असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण दिवसाला तीस माणसं येतात, आणि सव्वीस वर्षांत किती झाली ती मी मोजलेली नाहीत. बाई आठवली नाही. वाक्य मात्र लगेच ओळखलं. ते माझंच होतं. असंच मी बोलते. रांगेनं हसल्याचंही मला नवल वाटलं नाही. चांगलं वाक्य आहे.

“पुढं शाळेत मास्तरनं माझंच नाव घातलं,” वैशाली म्हणाली, “मग म्हटलं, ऱ्हाऊ दे.”

मी नियमांचं पुस्तक काढलं. विचार करायला वेळ हवा असला की मी ते काढते. बाहेरच्यांसाठी तेही सांगते. रजिस्टरातली मूळ ओळ कुणालाही खोडता येत नाही, मलाही नाही. चूक असेल तर समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख घालायची. अक्षराची चूक किरकोळ असते. पण आईच दुसरी, ही गाभ्यातली चूक झाली. त्यासाठी ज्यांना खरी हकिकत माहीत आहे अशा दोन विश्वासू माणसांचे लेखी जबाब लागतात. तेवढ्यावर निबंधक दुरुस्ती करू शकतो. मात्र नोंद लबाडीनं झालेली असेल, तर मी हात लावायचा नाही. जिल्ह्याला अहवाल पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. जिल्ह्याकडून उत्तर येतं. मुलीला नातवंडं होतील तोवर नक्की येतं.

आणि शुक्रवारी अकराला रजिस्टर गाडीत बसणार. समासात लिहायचं तर त्याआधी.

“उद्या सासूला आणि जावेला घेऊन या,” मी म्हटलं.

“सुरेखाताई येतील. घरं येगळी झाली तरी आमचं काय वाकडं न्हाई. आत्ती न्हाई यायच्या.”

“का?”

“त्यांचं म्हननं, चूक झालीच न्हाई.”

त्या गेल्यावर मी वडूजच्या नोंदणीवाल्याला फोन लावला. ओळखीचा आहे, मधे दोन वर्षं मला उसनवारीवर सातारा जिल्ह्यात पाठवलं होतं तेव्हाचा. म्हटलं, सुरेखा अमुक अमुक, त्याच वर्षी, या तारखेच्या पुढं, बघ. त्यानं वीस मिनिटांनी उलटा फोन केला.

“हाय मॅडम. पोरगा. तुमच्या तारखेनंतर अकरा आठवड्यांनी.” मग हसला. “तुमच्याकडची बाई लय कामसू दिसतीय.”

दोन जिल्हे, दोन रजिस्टरं. दोघांनी मिळून एका बाईला अकरा आठवड्यांत दोनदा बाळंत केलं, आणि एकीला, जिनं कळा सोसल्या तिला, कागदोपत्री निपुत्रिक ठेवलं. अठरा वर्षं कुणालाही शंका आली नाही, कारण दोन्हीकडचे कागद पूर्ण होते. मी त्या नोंदीची नक्कल मागवली.

गुरुवारी अकरा वाजता चौघी आल्या. यायच्या नाहीत म्हटलेल्या हौसाबाईच सगळ्यांच्या पुढं. पंचाहत्तरच्या पुढच्या, काठी होती पण टेकत नव्हत्या, बगलेत धरली होती. मी शिपायाला आतून खुर्ची आणायला सांगितली. तो माझ्याकडं बघत राहिला. दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

हौसाबाई बसल्या आणि त्यांनीच सुरुवात केली. “बाई, आमच्या घरातलं पोर आमच्याच घरात नोंदलं. शेजारच्या घरात न्हाई घातलं. ह्यात चुकलं काय?”

“आईचं नाव चुकलं.”

“सून न्हाई व्हय ती माझी? ही बी सून, ती बी सून.”

मागून सुरेखा म्हणाली, “आत्ती, माझ्या ओंकारच्या आधी अकरा आठवडं मी एकदा बाळंत झाले म्हनं. मला सांगायचं तरी. मी आपली वडूजला लाडू खात बसले.”

“तू गप गं.”

“मी गपच हाय. माझं एकच पोरगं मला रग्गड झालंय, दुसरं कशाला चिकटवताय?” मग माझ्याकडं वळून, “लिव्हा बाई, ही पोरगी माझी न्हाई. माझी असती तर एवढी शिकली नसती.”

सुरेखाचा जबाब दहा मिनिटांत झाला. तिनं सही केली, पोरीच्या डोक्यावर टपली मारली आणि दाराला टेकून उभी राहिली. राहिल्या हौसाबाई. त्यांच्यासाठी मी मजकूर आदल्या दिवशीच तयार करून ठेवला होता, त्यांची सोय म्हणून. वाचून दाखवला : ‘घाईगडबडीत माझ्याकडून चुकून दुसऱ्या सुनेची फाइल दवाखान्यात नेली गेली...’

“थांबा,” हौसाबाई म्हणाल्या. “चुकून न्हाई. मी बघून नेली. मला वाचाय येतंय. चौथी पास हाय मी.”

“आजी, चुकून लिहिलं की मला उद्या दुरुस्ती करता येते. मुद्दाम नेली असं लिहिलं तर ती लबाडी होते. मग जिल्ह्याला जातं. पोरीची जागा जाते.”

“म्हंजी खोटं लिव्हलं की काम हुतंय?”

मी पेनाला टोपण लावलं. शिपाई दारात होता, तोही आत-बाहेर करायचा थांबला.

“तवा बी दवाखान्यात असंच सांगितलं मला,” हौसाबाई म्हणाल्या. “फाइल आसंल तर घेतो. नसंल तर म्होरं मोठ्या दवाखान्यात न्या. कळा सुटल्यात, पोरगी पांढरीफटक पडलीय, म्होरं न्या म्हनं. घरात फाइल एक हुती, ती नेली. खोटं बोलले. न्हाई म्हनत न्हाई मी. पन त्या एका खोट्याचं ह्या पोरीनं अठरा वरसं भोगलं न्हवं? आनि आता तुमी म्हंता अजून एक लिव्हा.”

“आत्ती,” वैशाली म्हणाली, “करा की सही. हिचं बघा.”

“हिचंच बघतीया. चुकले म्हनून मी सही करायची न्हाई. ती फाइल नेली नसती तर तू वाटंतच गेली असतीस, हिच्यासकट. चुकले व्हय मी? सांग. चुकले?”

वैशालीनं मान हलवली. नाही म्हणून.

प्रतीक्षा तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती आजीच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसली. “आज्जी, तू खरं तेच सांग. जागा गेली तर गेली.”

आणि रडली नाही. पण फोल्डरचं बटण उघडझाप करायला लागली, उघडझाप, उघडझाप. मला त्या आवाजानं काही सुचेना.

मी पुस्तक परत काढलं, आणि या खेपेला खरंच वाचलं. सव्वीस वर्षं पाठ असलेला नियम. त्यात लिहिलंय : जबाबात नोंदीतली चूक काय ते सांगावं आणि खरी हकिकत सांगावी. नोंदीतली चूक. सासूची चूक काय, हे त्यात कुठंच विचारलेलं नाही. ते मीच आपल्या मनानं विचारत आले होते, बहुधा पहिल्या दिवसापासून, कारण चूक कुणाची ते ठरल्याशिवाय मला कागद पूर्ण वाटत नाही.

मी तयार मजकूर फाडला. कोरा कागद घेतला.

“सांगा आजी. तुम्ही सांगाल तसं लिहिते.”

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं : ‘घरात फाइल एकच होती. ती मी नेली. फाइलीवर नाव सुरेखाचं होतं. बाळंत झाली ती वैशाली. मी शेजारी उभी होते. पोरगी वैशालीची आहे.’ त्यात चुकून नव्हतं, मुद्दामही नव्हतं. जिल्ह्यानं उद्या विचारलं, की बाई, ही लबाडी नव्हती कशावरून, तर लबाडीत कुणाचा तरी फायदा असतो. इथं फायदा म्हणाल तर एक बाळंतीण जिवंत राहिली, असं मी लिहून देईन. बघू काय म्हणतात.

हौसाबाईंनी मजकूर दोनदा वाचायला लावला. मग स्वतः वाचला. सही केली, सावकाश, चौथी पासच्या अक्षरात. पेन देता देता म्हणाल्या,

“अजून एक लिव्हा. ही पोरगी एकदा आली हुती हितं, तान्हं घेऊन. कुनीतरी माघारी लावली. घरी येऊन दोन दिस जेवली न्हाई. ते बी लिव्हा.”

“त्याचा इथं संबंध नाही,” मी म्हटलं.

हे मी फार पटकन म्हटलं. वैशाली माझ्या टेबलाशेजारीच उभी होती. तिनं एवढंच सांगायचं होतं : आत्ती, ह्याच त्या. ती रजिस्टरच्या गठ्ठ्याकडं बघत राहिली. वरच्या पानावर मी काय नंबर घातलाय तो वाचत असावी. मग म्हणाली, “चला आत्ती, यस्टी जाईल.”

माणसानं आपल्याला सांभाळून घ्यावं अशी वेळ नोकरीत माझ्यावर फारशी आलेली नाही. आली की कसं वाटतं, ते फारसं लिहिण्याजोगं नाही.

दुसऱ्या दिवशी, ८ तारखेला, सकाळी नऊलाच ऑफिस उघडायला लावलं. शिपाई कुरकुरला. रजिस्टर काढलं, ते पान काढलं आणि माझ्या जुन्या अक्षराशेजारी समासात लिहिलं : आईचे नाव वैशाली, आणि तिच्या खाली वडिलांचं. सही, तारीख. अक्षर आता पूर्वीसारखं गोल येत नाही. सव्वादहाला दाखला छापून तयार झाला. प्रतीक्षा दारातच उभी होती, पहिल्या एस.टी.नं आलेली. तिनं दाखला वाचला, फोल्डरमध्ये घातला, बटण एकदाच लावलं आणि सोमवारची खात्री करायला मिरजेला गेली. आभार वगैरे मानत बसली नाही. चांगली नर्स होईल.

मग दार लावून मी एक कागद घेतला. त्याचा नमुना आमच्याकडं नाही, म्हणून साध्या कागदावर लिहिला. ‘सदर अर्जदाराची आई बाळ घेऊन दुरुस्तीसाठी या कार्यालयात आली होती. त्या वेळी खिडकीवर मी होते. मी तिला म्हणाले, “आधी घरात ठरवा आई कोण आहे ते, मग या.” ती परत आली नाही. हकिकत मला माहीत आहे, म्हणून लिहून देत आहे.’ खाली सही केली, हुद्द्यासकट.

फाइलीला पानांचे नंबर घातले. पहिली तीन अर्जाची आणि शाळेच्या दाखल्याची, चौथं सुरेखाचं, पाचवं हौसाबाईंचं, सहावी वडूजची नक्कल, सातवं माझं. अकराला गाडीचा हॉर्न वाजला. फाइलीच्या कव्हरवर मी लिहिलं, मोजून :

पाने सात. एकही गहाळ नाही.